मधले चार वरंबे

सोमवारी सकाळी सातला ऊनाआत्याने वरच्या घराच्या खिडकीचा पडदा सारला, खालच्या शेताकडे पाहिलं आणि हातातला चहा तसाच खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. तो दुपारपर्यंत तिथेच राहिला.

शेतात 'नोरा' फुलात होता. आठ एकर, बेण्याचा बटाटा, पांढरी फुलं. पण भेसळ आणि रोगट झाडं काढायला माणसं सरीसरीतून चालून गेली की पायाला लागून बहुतेक फुलं गळतात, आणि हे शेत तर शनिवारी चालून पुरं झालं होतं. सगळं हिरवं दिसायला हवं होतं. दिसतही होतं. फक्त बरोब्बर मधोमध, फाटकापासून पार पश्चिमेच्या बांधापर्यंत, धोतर वाळत घातल्यासारखा एक लांब पांढरा पट्टा होता.

आत्याची जवळची नजर गेली आहे, लांबची ससाण्यासारखी आहे. तिने वरंबे मोजले. चार.

"गाढवं," ती खिडकीला म्हणाली. दोन्ही गाढवं तिच्या रक्ताची होती. एक चौऱ्याहत्तर वर्षांचा धाकटा भाऊ फर्गस, दुसरी त्याची शेहेचाळीस वर्षांची मुलगी एल्स्पेथ. आणि नऊ वाजता सरकारी तपासनीस पेट्रीबाई शेत बघायला येणार होत्या.

तिने खालच्या घरी फोन लावला.

*

खालच्या घरी त्या वेळी नाश्ता चालला होता, त्याला नाश्ता म्हणायचं असेल तर. टेबलाच्या एका टोकाला फर्गस, दुसऱ्या टोकाला एल्स्पेथ आणि मध्ये कीथ. कीथ हा फर्गसचा धाकटा मुलगा. गेले चार दिवस त्याची नेमणूक तारमास्तर म्हणून झाली होती.

"कीथ, तुझ्या बहिणीला म्हणावं मीठ सरकव."

मीठ एल्स्पेथच्या कोपरापाशी होतं. फर्गसचा आवाज तिला स्पष्ट ऐकू गेला होता. बांधापलीकडच्या मेंढ्यांनासुद्धा गेला असेल.

"एल्स्पेथ, मीठ," कीथ म्हणाला.

"कीथ, बाबांना सांग, डॉक्टरांनी लापशीत मीठ घालू नका म्हटलंय."

"बाबा, डॉक्टरांनी..."

"मी बहिरा नाही."

"मग मी इथे कशाला बसलोय?" कीथने चमचा आपटला. कधी नव्हे तो तापला होता. सभेत त्याने बापाची बाजू घेतली होती, आणि त्याचं बक्षीस म्हणून आता दोघंही त्याच्याच डोक्यावर बसली होती.

सगळं त्या गुरुवारच्या सभेमुळे झालं. मे महिन्यात लंडनवाल्यांनी आणि ब्रुसेल्सवाल्यांनी नव्या समझोत्याची घोषणा केली. कागद अजून व्हायचे होते. पण युरोपचे शेतीमालाचे नियम आपण जसेच्या तसे पाळायचे, म्हणजे स्कॉटलंडचं बेणं पुन्हा समुद्रापलीकडे जाईल, एवढं सगळ्यांना कळलं होतं. दोन हजार एकवीसपासून तो दरवाजा बंद होता. बालफिननच्या बेणेवाल्यांनी याला पाठिंब्याचं पत्र द्यायचं की नाही, हे ठरवायला गावच्या सभागृहात सभा भरली.

एल्स्पेथ व्यासपीठावरून पाठिंब्याच्या बाजूने बोलली. मग फर्गस उठला. नऊ वर्षांपूर्वी याच सभागृहात, याच फळीवर उभं राहून त्याने युरोपातून बाहेर पडा म्हणून भाषण केलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या. तो म्हणाला, "नियम ते करणार, पाळणार आपण. आणि जिथे नियम ठरतात त्या टेबलाशी आपल्याला साधी खुर्ची नाही. याला तुम्ही समझोता म्हणता?"

एल्स्पेथ म्हणाली, "खुर्ची होती, बाबा. तुम्हीच उठून आलात."

सभागृह हसलं. जे एल्स्पेथच्या बाजूचे होते ते हसलेच, पण फर्गसच्या बाजूचे जास्त हसले, आणि त्याला तेच लागलं. टोपी घेऊन तो बाहेर पडला. कीथने उभं राहून काहीतरी बेणं घेणाऱ्या इजिप्तच्या गिऱ्हाइकांबद्दल सांगायला सुरुवात केली, ते कोणी ऐकलं नाही. मतदान पुढच्या गुरुवारवर गेलं.

फोन वाजला. कीथने उचलला, ऐकलं, आणि तोंड वळवून दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

"आत्या विचारते, मधले चार वरंबे कोणी चालले?"

"ती," फर्गस म्हणाला.

"बाबा," एल्स्पेथ म्हणाली.

दोघं एकदमच बोलले, आणि दोघांचेही चेहरे एकदमच उतरले.

*

हे कसं झालं ते सांगायला हवं, कारण असली चूक करायला सूटर घराण्यातच जन्म घ्यावा लागतो.

'नोरा'च्या शेतात परकं पाऊल पडत नाही. बटाट्याच्या बाकीच्या जातींना मजुरांची टोळी लावतात, नोराला घरची माणसं. फर्गसच्या बापाने पंधरा वर्षं खपून ही जात तयार केली आणि बायकोचं नाव दिलं. नोरा गॅलाहर सतराव्या वर्षी समुद्रापलीकडच्या डोनेगलहून बटाटे वेचायच्या टोळीबरोबर या गावात आली होती, ती परत गेलीच नाही. नोरा बटाटा डोनेगलच्या ओल्या जमिनीत असा काही येतो की तिच्या माहेरच्यांनी साठ वर्षं दुसरं बेणं लावलं नाही.

घरात आता चालणारे दोनच. आत्याचे गुडघे गेले. कीथला हिरवा आणि पिवळा सारखाच दिसतो. लहानपणी त्याने एकदा बारा निरोगी झाडं उपटून मोठ्या अभिमानाने आणून दाखवली होती, तेव्हापासून त्याला शेताबाहेर ठेवतात. राहिले बाप आणि लेक. दर वर्षी ते शेजारशेजारच्या सरीतून चालायचे. यंदा एल्स्पेथने उत्तरेच्या बांधापासून सुरुवात केली आणि फर्गसने दक्षिणेच्या. शुक्रवार आणि शनिवार दोघं असे मधोमध येत गेले. थांबलो तिथे वेताची काठी रोवायची, हा रिवाज. शनिवारी संध्याकाळी फर्गसने काठी रोवली, पलीकडे मुलीची काठी पाहिली, आणि उरलेलं ती करील म्हणून घरी गेला. एल्स्पेथने तेच केलं. विचारायचं म्हणजे बोलावं लागलं असतं. रविवारी कोणी शेतात जात नाही.

*

आत्या काठी टेकत स्वयंपाकघरात आली तेव्हा दोघं आपापले बूट चढवत होते, पाठ एकमेकांकडे.

"पेट्रीबाई किती वाजता?"

"नऊला," कीथ म्हणाला. "आत्या, पण एवढं काय? चार वरंब्यांत असून असून किती झाडं असतील?"

"यंदा रोग पसरवणारा मावा केवढा होता ते पाहिलंस ना? पलीकडच्या गावात किती शेतं नापास झाली? ठरल्यापेक्षा एक झाड जास्त निघालं की बाई प्रत उतरवणार. आणि बेण्याची प्रत एकदा उतरली की परत चढत नाही. मग बसा काचेच्या नळीतल्या रोपापासून पुन्हा. सहा वर्षं!" तिने भावाकडे पाहिलं. "सहा वर्षांनी तू किती वर्षांचा, फर्गस?"

फर्गसने दुसरा बूट चढवला. ऐंशी. त्याने तो हिशोब आधीच केला होता.

"आणि तू," आत्या एल्स्पेथकडे वळली, "व्यासपीठावर चढून दरवाजा उघडा दरवाजा उघडा करतेस. उघडला उद्या. काय पाठवशील त्यातून? तुझं भाषण?"

एल्स्पेथचे कान लाल झाले. "मी एकटीच चालते. एका तासात होईल."

"एकटीने चार होत नाहीत. एका सरीतून दोनच वरंबे दिसतात, हे तुला मी शिकवायचं? दोघं जा. शेजारशेजारून. कीथ, तू बाईंना चहा दे, स्कोन दे, इजिप्त सांग."

"इजिप्त?"

"तेवढं सांगितलंस की बाई अकरापर्यंत हलत नाहीत."

*

ऊन फाटकाच्या बाजूने येत होतं, पाठीवर. हे एक बरं झालं. ऊन डोळ्यांत असलं की पानावरचा रोग दिसत नाही. एल्स्पेथने पोतं खांद्याला अडकवलं. डावीकडच्या सरीत तिचा बाप उभा होता, खांद्याला तसंच पोतं. दोघं निघाले.

पन्नास पावलं काहीच नाही. पानं, फुलं, पानं. डावीकडे त्याच्या बुटांचा आवाज. तो तिच्यापेक्षा हळू चालत होता आणि ती स्वतःच्याही नकळत पावलं त्याच्याशी जुळवत होती. लहानपणची सवय.

मग तिला दिसलं. खालची पानं सुरळीसारखी गुंडाळलेली, हात लावला की कडकड वाजणारी. ती थांबली. रिवाज असा आहे की ज्याला झाड सापडतं त्याने मोठ्याने आकडा म्हणायचा, आणि शेजारच्याने 'ऐकलं' म्हणायचं. मग सगळी रांग थांबते आणि झाड निघेपर्यंत कोणी पुढे पाऊल टाकत नाही. आजी नोराने हा रिवाज डोनेगलच्या टोळीकडून आणला होता. तो मोडलेला एल्स्पेथने कधी पाहिला नव्हता.

"एक," ती म्हणाली.

उत्तर आलं नाही. ती मान वर न करता तशीच उभी राहिली. आणखी चार दिवस उभी राहायची तिची तयारी होती.

"ऐकलं," फर्गस म्हणाला.

तिने झाड उपसलं, मातीत हात घालून गोटीएवढे बटाटे एकूण एक चाचपून काढले, पोत्यात टाकले. दोघं पुढे गेले. "दोन," तो म्हणाला. "ऐकलं," ती म्हणाली. मग "तीन." "ऐकलं." आकडे वाढत होते. हे सगळं नऊ वाजता पेट्रीबाईंना सापडलं असतं.

सहा झाल्यावर तिला राहवलं नाही. "तुम्ही विचारलं का नाहीत मला? शनिवारी?"

"तू का नाही विचारलंस?"

"मी चिडले होते."

"चिडली होतीस तू? हसले लोक कोणाला?"

तिने पुढच्या झाडाची पानं वर करून पाहिली आणि म्हणाली, "ते वाक्य मी घरून ठरवून आणलं नव्हतं, बाबा. तोंडातून गेलं."

"चांगलं होतं," फर्गस म्हणाला. "दुसऱ्या कोणाच्या बापाला म्हणाली असतीस तर मीच पहिला हसलो असतो."

*

फर्गसला खरं तर वेगळंच बोलायचं होतं. ते चार वर्षं घशाशी होतं. आता मुलीचं तोंड दिसत नव्हतं, नजर पानांवर ठेवायची सोय होती. असं बोलणं त्याला जमत होतं, टेबलाशी बसून जमलं नसतं.

"डोनलचा फोन आला होता मला," तो म्हणाला. "बंदी आली त्या हिवाळ्यात."

डोनल गॅलाहर म्हणजे त्याचा मामेभाऊ, युरोपच्या बाजूला राहिलेल्या डोनेगलचा.

"मग?"

"म्हणाला, फर्गस, यंदा बेणं कसं पाठवतोस? आता मी त्याला काय सांगू? ज्या दरवाज्यातून माझी आई आली, तो बंद करा म्हणून मीच फळीवर चढून ओरडलो होतो? बेणं अडेल असं माझ्या स्वप्नातसुद्धा नव्हतं. मला वाटलं होतं मासे, कायदे, ब्रुसेल्सचे कारकून... बटाट्याला कोण अडवतंय?"

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, नोरा संपला. रोग पडला, जात गेली."

एल्स्पेथ थांबली. रांगेत आकड्याशिवाय थांबायचं नसतं, तरी थांबली.

"जिवंत जात मेली म्हणून सांगितलीत?"

"अजून करतो तो फोन. दर नाताळला. मी उचलत नाही." फर्गसने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "तू दरवाजा उघडायला निघालीस, आणि मला काय दिसलं ठाऊक आहे? पलीकडे डोनल उभा. नियमबियम आहेतच, ते मला अजूनही पटत नाहीत. पण त्या दिवशी मी एवढा तापलो तो नियमांवर नाही."

एल्स्पेथच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला स्वतःचाच राग आला, कारण भरल्या डोळ्यांनी रोग दिसत नाही. तिने बाहीने डोळे कोरडे केले. चार दिवस ती एका हट्टी म्हाताऱ्यावर रागावली होती. शेजारच्या सरीत तो नव्हताच. तिथे एक लाजलेला माणूस चालत होता.

"बाबा, चला," ती म्हणाली. "पावणेनऊ झाले."

पश्चिमेच्या बांधाला पोचले तेव्हा आकडा अकरा झाला होता.

*

पेट्रीबाई नऊला पाच कमी असताना आल्या, चहा नको म्हणाल्या, स्कोन नको म्हणाल्या, आणि इजिप्त सुरू व्हायच्या आत बूट धुवून फाटकातून आत शिरल्या. कीथ हात चोळत मागे उभा राहिला. बाप-लेक बांधाबांधाने परत येत होते, दोघांच्या खांद्याला भरलेली पोती.

"आत्ता काढलीत?" बाईंनी पोत्यांकडे बघून विचारलं.

"आत्ता," फर्गस म्हणाला. "चार वरंबे राहिले होते. चूक आमची."

"काढली ना? मग माझ्या दृष्टीने ती शेतात नाहीत." बाईंनी वही उघडली.

मग त्यांचं चालणं सुरू झालं. बाई थोडं चालत, थांबत, मोजत, लिहीत, आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. दोनदा वाकल्या. पहिल्यांदा बुटाची नाडी होती. दुसऱ्यांदा झाड होतं. ते उपटून त्यांनी बांधावर ठेवलं तेव्हा फर्गसने फाटकाचा गज घट्ट धरला. एल्स्पेथने त्याच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. कीथ बहिणीशेजारी येऊन उभा राहिला. वर खिडकीत आत्या होती, ती दीड तास हलली नाही.

साडेदहाला बाई परत आल्या. "एक झाड सापडलं," त्या म्हणाल्या. "एवढं चालतं. वरच्याच प्रतीत ठेवते. या वर्षीचं मी पाहिलेलं हे सगळ्यांत स्वच्छ शेत आहे, सूटर." आणि मग, वही मिटत, "आता स्कोन असतील तर खाईन."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. फर्गस तिथेच ट्रेलरच्या काठावर बसला आणि टोपीने वारा घेऊ लागला. कीथ मोठ्याने हसला, कशाला ते त्यालाही माहीत नव्हतं. एल्स्पेथ पळत पळत वर आत्याला सांगायला गेली. आत्याला ते खिडकीतूनच कळलं होतं, तरी तिने पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकून घेतलं.

*

दुपारी जेवायला सगळे खालच्या घरी होते. बाई गेल्या होत्या. फर्गसने फोन टेबलाच्या मध्यभागी ठेवला, आवाज मोठा केला, आणि कोणी काही विचारायच्या आत डोनेगलचा नंबर लावला.

"अरे देवा," पलीकडून डोनल म्हणाला. "फर्गस! कोण मेलं?"

"कोणी नाही. उलटंच आहे." फर्गसने घसा साफ केला. "डोनल, नोरा संपला म्हणून मी तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. बेणं आहे. आजच वरच्या प्रतीत पास झालं. मला लाज वाटली म्हणून खोटं बोललो."

एल्स्पेथ फोनकडे वाकली.

"मला माहीत आहे," डोनल म्हणाला. "ऊनाने त्याच आठवड्यात कळवलं होतं."

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या मन लावून पावाला लोणी लावत होती.

"मग चार वर्षं फोन कशाला करत होतास?" फर्गसचा आवाज चढला.

"तू कधी कबूल होतोस ते बघायला. ऊना म्हणाली दोन वर्षं लागतील, मी म्हणालो पाच. मीच जवळ आलो." डोनल हसला, मग हळू आवाजात म्हणाला, "आम्ही जुनंच बेणं फिरवून लावतोय रे. खराब होत चाललंय. पण नोराच आहे. दुसरं काही लावलं नाही."

फर्गसने फोन जवळ ओढला. मग म्हणाला, "कागद झाले, वाट उघडली, की पहिला ट्रक तुझा."

फोन ठेवल्यावर कोणी कोणाकडे बघेना. लापशीची सकाळची वाटी अजून तिथेच होती. आत्याने सूप वाढलं. फर्गसने चमचा उचलला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे बघितलं.

"एल्स्पेथ."

"हं?"

"गुरुवारी सभेला येणार मी. पहिल्या रांगेत बसणार. आणि तुझ्या पत्राच्या विरोधात हात वर करणार. बेणं जायला हवं, पण खुर्चीशिवाय सही मला अजून मान्य नाही. ती खुर्ची आधी मागा."

कीथने डोळे मिटून घेतले. पुन्हा सुरू, असं त्याला वाटलं.

एल्स्पेथ बापाकडे बघत होती. तिला वाद घालायचा होता, गुरुवारी ती घालणारही होती, भर सभागृहात. आत्ता तिने कोपरापाशी हात नेला.

"ऐकलं," ती म्हणाली, आणि मीठ त्याच्याकडे सरकवलं.